घमेली जाळणारे देव

मध्यरात्री एन्लिल देवाच्या वाड्याबाहेर गलका झाला. दारवान कल्कल सावध झाला, त्याने अडसर सरकवला आणि नुस्कूला उठवलं. नुस्कूने धन्याला पलंगावरून उठवलं. वाड्याला चारी बाजूंनी वेढा पडला होता. वेढा घालणारे कुणी शत्रू नव्हते, देवच होते. आणि येण्यापूर्वी त्यांनी आपली फावडी नि घमेली पेटवून दिली होती.

हा प्रसंग बॅबिलोनियातल्या ‘अत्रहासिस’ काव्याचा. त्याची एक जुनी प्रत इपिक-अया नावाच्या उमेदवार लेखनिकाने अम्मीसदूका राजाच्या अमदानीत, म्हणजे इसवी सनापूर्वी सतराव्या शतकात, मातीच्या तीन पाट्यांवर उतरवली. शेवटी ओळींचा हिशोबही मांडला : १२४५. या काव्याचं जगभर नाव झालं ते त्यातल्या महापुरामुळे. मी वाचायला घेतलं तेसुद्धा पुरासाठीच, पण पहिल्याच पाटीवर अडकलो तो आजतागायत तिथेच आहे.

काव्य सांगतं की तेव्हा माणूस नव्हता. सात थोर अनुन्नाकी, म्हणजे वरचे देव, बसून असायचे आणि सगळं काम इगिगींच्या, म्हणजे खालच्या देवांच्या, गळ्यात. काम म्हणजे खणणं. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या त्यांनी खणल्या. आता त्या मुलखाचा सगळा जीव कालव्यांवर. कालव्यात दरवर्षी गाळ साचणार, दरवर्षी तो उपसावा लागणार, आणि उपसायला राजाची माणसं गावोगावची माणसं वेठीला धरणार. काव्य रचणाऱ्याने देवांच्या हाती वज्र वगैरे न देता घमेलं दिलं, ते का, हे यावरून कळतं. त्याने आयुष्यभर पाहिलेलं काम ते. इगिगी रात्रंदिवस राबले, कुरकुरले, मातीच्या ढिगाऱ्यांवर बसून एकमेकांपाशी रडगाणं गायले, आणि एके दिवशी कुणीतरी म्हणालं, चला, धन्याला जाऊन जाब विचारू.

एन्लिल घाबरतो. नुस्कू त्याला विचारतो, तुझा चेहरा झाऊच्या झाडासारखा का पडलाय? ही तुझीच लेकरं, त्यांना काय भ्यायचं? मग नुस्कू हत्यार घेऊन बाहेर जातो आणि जमावाला विचारतो : याला चिथावणी कुणाची, म्होरक्या कोण? जमाव म्हणतो, आम्ही सगळेच.

हे उत्तर वाचून मी पाटी बाजूला ठेवली. म्हणजे पुस्तक ठेवलं, पाटी कुठली माझ्याकडे. माझे वडील गिरणीत बदली होते. बदली म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं : सकाळच्या पाळीला गिरणीच्या फाटकावर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नसला तर डबा तसाच घेऊन घरी यायचं. घरी आलेल्या त्या न उघडलेल्या डब्यातली पोळी आम्हा मुलांना मिळायची. आम्ही ती आनंदाने खायचो, कळत काही नव्हतं. १९८२च्या संपात मी दहा वर्षांचा होतो. ‘म्होरक्या कोण’ हा प्रश्न आणि ‘सगळेच’ हे उत्तर, दोन्ही आमच्या चाळीच्या जिन्यात ऐकलेलं आहे.

पुढे काव्यात जे घडतं ते चाळीत घडलं नाही. इगिगींचं म्हणणं ऐकून एन्लिलच्या डोळ्यांत पाणी येतं. मोठ्या देवांतलाच एक उठून म्हणतो, त्यांना दोष कसा द्यायचा? काम भारी होतं, त्यांचा आक्रोश आपण रोज ऐकत होतो. आणि तोडगा निघतो : हे ओझं उचलायला दुसरं कुणीतरी घडवू. वे-इलू नावाच्या देवाचा बळी दिला जातो. काव्य त्याच्याविषयी एवढंच सांगतं की त्याच्यापाशी ‘टेमू’ होता. टेमू म्हणजे अक्कल, मसलत, योजना. त्याचं रक्तमांस मातीत कालवलं जातं, त्या चिखलावर सगळे इगिगी थुंकतात, आणि जन्मदेवता त्यातून चौदा गोळे काढते, सात बाया नि सात पुरुष. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की वे-इलू हाच बंडाचा कर्ता असावा. तसं असेल तर माणसाच्या अंगात जी काय अक्कल आहे ती संप घडवून आणलेल्याची आहे.

इगिगी जिंकले. त्यांच्या जागी बदली भरती झाली. ते बदली म्हणजे आपण.

इगिगींना एकेकट्याला नावं जवळजवळ नाहीत, ते गटाने असतात. अनुन्नाकींचंही पुष्कळसं तसंच. एन्लिल, एआ, इश्तार, शमाश यांची देवळं, सण, स्तोत्रं, भानगडी असं सगळं काही आहे. खालच्या देवांना मात्र मोजतात. नंतरच्या काळात मार्दुक या बॅबिलोनच्या देवाच्या गौरवाचं जे सृष्टिकाव्य रचलं गेलं त्यात मार्दुक देवांची वाटणी करतो : तीनशे वर आकाशाच्या पहाऱ्यावर, तीनशे खाली, एकूण सहाशे. त्या काव्यात उपकाराची फेड म्हणून अनुन्नाकी एक वर्षभर विटा पाडतात आणि मार्दुकसाठी बॅबिलोन आणि त्याचं देऊळ बांधून देतात. म्हणजे एका काव्यात जे वर बसून होते तेच दुसऱ्यात विटा पाडतायत. पुढे पुढे इगिगी म्हणजे आकाशातले आणि अनुन्नाकी म्हणजे पाताळातले न्यायाधीश अशीही मांडणी दिसते. गटांची नावं तीच राहिली, हुद्दे आणि बदल्या होत राहिल्या. या सगळ्याचा एक सुसंगत तक्ता करायला गेलं की डोकं उठतं, आणि मला वाटतं तो करूही नये. दीड-दोन हजार वर्षांच्या कुठल्याही सरकारी खात्याचा तक्ता तसाच दिसेल.

(अनुन्नाकी हे परग्रहावरून सोनं खणायला आले होते, असं सांगणारे व्हिडिओ मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी पाठवतं. एकाही मातीच्या पाटीवर असं काही नाही. गंमत अशी की, कालव्यातला गाळ उपसणारे देव ही खरी कल्पना यानवाल्या देवांपेक्षा कितीतरी विलक्षण आहे, आणि तिच्यावर व्हिडिओ कुणी करत नाही.)

खातं म्हणालो ते उगाच नाही. त्यांच्या भुतांखेतांची नावं बघा. सुमेरी भाषेत ‘गल्ला’, अक्कदी म्हणजे बॅबिलोनच्या भाषेत ‘गल्लू’, हे पाताळातून येऊन माणसाला धरून नेणारे. सुमेरी कागदपत्रांत, म्हणजे पाट्यांत, गल्ला हा खराखुरा हुद्दा आहे, आपला हवालदार म्हणावा तसा. ‘राबिसू’ म्हणजे दबा धरून बसलेलं भूत; आणि तोच राबिसू न्यायनिवाड्याच्या पाट्यांत अंमलबजावणी करणारा अधिकारी म्हणून हजर असतो. माणसाला ज्यांची रोजची धास्ती, त्यांच्याच गणवेशात भुतं आली. इनान्ना देवी पाताळातून सुटून वर येते तेव्हा तिच्यासोबत गल्ला येतात, तिच्या बदल्यात दुसरा कुणी हवा म्हणून. काव्यात त्यांचं वर्णन आहे की ते खात नाहीत, पीत नाहीत, वाहिलेलं पीठ घेत नाहीत, नवऱ्याच्या मांडीवरून बायकोला ओढून नेतात. ते खात नाहीत हे ऐकणाऱ्याला किती भयंकर वाटलं असेल! खाणाऱ्याला निदान काही देता तरी येतं.

दुष्ट ‘उतुक्कू’ भुतं उतरवण्याची मंत्रमालिका सोळा पाट्यांची आहे. तिच्यात एक सातांचा गट वारंवार येतो. सात आहेत ते, सात. खोल पाण्यात सात, आकाशात सात. नर नाहीत, मादी नाहीत. बायको केली नाही, पोर झालं नाही. दया ठाऊक नाही. त्यांना दार अडवत नाही, अडसर परतवत नाही, ते सापासारखे दाराखालून सरपटत येतात, वाऱ्यासारखे बिजागरीतून घुसतात. मोठ्याने म्हणून बघितलं तर अर्थ न कळणाऱ्यालाही त्या ‘सात, सात’ची लय लागते. सातांचा आणखी एक गट आहे, सेबित्ती. कृत्तिकांचा पुंजका तो त्यांचा. ते एर्रा या साथीच्या नि संहाराच्या देवाचे लढवय्ये, आणि एर्राच्या काव्यात त्यांची तक्रार अशी की आम्ही घरी बसून गंजलो, आमच्या मोहिमेच्या सामानावर कोळ्यांनी जाळी विणली, शहरातल्या भाकरीला निखाऱ्यावरच्या भाकरीची सर नाही. एर्रा उठतो तो त्यांच्या या टोचणीने. साती आसरा, सप्तमातृका वगैरे आपले सातांचे गट इथे कुणालाही आठवतील. मलाही आठवले, पण त्यांचं यांचं नातं लावण्याच्या फंदात मी पडत नाही.

या सगळ्या सैन्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती एकटीची. लमश्तू. ही गटातली नाही, थेट अनू या आकाशदेवाची मुलगी, दुर्वर्तनाबद्दल स्वर्गातून हाकललेली. गरोदर बाईच्या पोटाला ती सात वेळा हात लावते, दाईचं रूप घेऊन तान्हं मूल मागते. आपल्याकडे पाचवीला सटवाई येते ती नशीब लिहायला. ही येणार ती मूल न्यायला. आणि अत्रहासिस काव्याच्या शेवटी, पूर ओसरल्यावर, माणसं फार वाढू नयेत म्हणून जे उपाय ठरतात त्यांत एक असा आहे की आईच्या मांडीवरून बाळ उचलून नेणारी एक भुतीण असावी. ठरावच म्हणा ना. ज्या देशात घरोघरी लहान मुलं दगावत होती तिथे कुणीतरी हा विचार केला, की हे उगीच होत नाही, वर कुठेतरी तसा हुकूम निघालेला आहे.

तिच्या बंदोबस्ताचा एक काशाचा ताईत पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, वीतभराहून लहान. ताईताच्या मागच्या अंगाला पझुझू या भुताची पाठ : चार पंख, विंचवाची नांगी. त्याचं डोकं वरच्या काठावरून पलीकडे डोकावतं, भिंतीआडून शेजारच्या अंगणात बघावं तसं. पुढच्या अंगावर चार ओळी. सगळ्यात वर मोठे देव, पण ते फक्त चिन्हांनी, चंद्रकोर, तारा, पंखांचं बिंब असे. चेहरा नाही, हात नाहीत. त्याखाली जनावरांच्या तोंडाचे सात जण रांगेत उभे. त्याखाली खाटेवर आजारी माणूस, आणि त्याच्या उशापायथ्याशी अंगावर माशाचं कातडं पांघरलेले दोन ऋषी. सगळ्यात खाली, सगळ्यात मोठी, लमश्तू : सिंहाचं तोंड, दोन्ही हातांत साप, एका थानाला डुकराचं पिल्लू नि दुसऱ्याला कुत्र्याचं, गाढवावर गुडघा टेकून होडीत निघालेली. काठावर तिच्यासाठी मांडलेल्या वस्तूंत कंगवा आहे, चाती आहे. मंत्रांतही ते आहे : तिला कंगवा द्या, चाती द्या, तेल द्या, वहाणा द्या, वाटेची शिदोरी द्या. म्हणजे मारायची सोय नाही, ती देवकन्या. तिची रीतसर बोळवण करायची. आणि होडीच्या मागे पुन्हा पझुझू, तिला हुसकून लावणारा. हा पझुझू कुणी सज्जन नव्हे. दुष्ट वाऱ्यांच्या भुतांचा राजा अशी तो स्वतःची ओळख करून देतो. पण लमश्तूला तोच आवरतो, म्हणून बाळंतिणी त्याचं मुंडकं गळ्यात बांधायच्या. गल्लीतल्या दादाला हाताशी धरून दुसऱ्या गुंडाचा बंदोबस्त करण्याची ही युक्ती. मोठे देव चिन्हं होऊन वर चमकतायत, आणि खाटेपाशी कोण उभं आहे ते बघा.

मोठ्या देवापर्यंत पोचायलासुद्धा छोटा देव लागायचा. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे इसवी सनापूर्वी २१००च्या आसपासच्या, दंडगोल मुद्रांवर एक देखावा शेकड्यांनी सापडतो : मोठा देव किंवा राजा बसलाय, आणि एक देवी भक्ताच्या मनगटाला धरून त्याला पुढे नेते आहे. ही ‘लमा’. तिच्याशिवाय आत प्रवेश नाही. वशिलाच म्हणा, पण हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतोय. प्रत्येकाची आपापली लमा असते, ती सोबत असेतोवर माणसाचं बरं चालतं. ती रुसून गेली की नशीब फिरतं. जुन्या बॅबिलोनी पत्रांत मजकुराआधी एक आशीर्वाद असतो : तुला राखणाऱ्या देवाला काही कमी न पडो. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी काही दिवस मोबाइलवर मित्रांना ते पाठवत होतो. तुझं भलं होवो असं न म्हणता, तुझ्या राखणदाराचं पोट भरलेलं असो.

घराच्या राखणीची त्यांची पद्धत हातानं करायची होती. ‘माणसाच्या घरातून दुष्टाचं पाऊल अडवणे’ अशा नावाचा एक विधी असिरियातल्या पाट्यांवर पूर्ण लिहिलेला आहे. त्यात सूर्योदयाला मातीच्या खाणीवर जायचं, खाणीला नैवेद्य दाखवायचा, मोबदला म्हणून सोन्याचांदीचे कण तिच्यात टाकायचे आणि मगच माती घ्यायची. लाकडाच्या मूर्तींसाठी झाऊच्या झाडाला सोन्याची कुऱ्हाड आणि चांदीची करवत लावायची. मग मूर्ती करायच्या : सात ऋषी, माशाच्या अंगाचे, पाखराच्या तोंडाचे, आणि केसाळ दाढीवाले, सिंहतोंडे असे कितीतरी. त्यांना दारांजवळ, कोपऱ्यांत, जमिनीखाली विटांच्या छोट्या पेट्यांत पुरायचं. वर फरशी. त्यांना नंतर कुणी बघणार नाही, कुणी फूल वाहणार नाही. निम्रूद, अश्शूर, उर इथल्या फरशांखाली उत्खनन करणाऱ्यांना ते तसेच उभे सापडले.

त्यांतच कुत्रे. निनवेला अशुरबनिपाल या असिरियन राजाच्या राजवाड्यात पाच मातीचे कुत्रे सापडले, आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बोटाएवढे लांब, शेपटी पाठीवर वळलेली. एकेकाचा रंग वेगळा होता, त्याचे डाग अजून दिसतात. प्रत्येकाच्या अंगावर त्याचं नाव कोरलंय. एकाचं ‘शत्रूला धरणारा’, एकाचं ‘वैऱ्याला चावणारा’, एकाचं ‘दुष्टांना हाकलणारा’, एकाचं ‘भुंकणं दांडगं’. पाचव्याचं नाव आहे ‘विचार करू नको, चाव’.

सहाशे देवांच्या गर्दीत एकाला नाव मिळत नाही आणि दाराखालच्या मातीच्या कुत्र्याला एवढं ऐसपैस नाव! हे नाव ठेवणारा कारागीर हसत असेल की गंभीर असेल, मला ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही. राखणदाराला जिथे अक्कल वापरायची नसते ती एक जागा त्याने अचूक हेरली होती.

दगडातले राखणदार मात्र दाखवण्यासाठीच होते. कल्हू, म्हणजे आजचं निम्रूद, इथल्या दुसऱ्या अशुरनसिरपालच्या (इ.स.पू. ८८३ ते ८५९) राजवाड्यात भिंतीभिंतीवर पंखवाले अपकल्लू, म्हणजे तेच ऋषी, उभे होते, एका हातात छोटी बादली, दुसऱ्या हातात देवदारी शंकूसारखं काहीतरी. शंकूला त्यांच्या भाषेत नाव ‘शुद्ध करणारा’. राजाच्या मागे, दाराच्या बाजूला, झाडापाशी, तेच ते पुन्हा पुन्हा. आणि राजाच्या पराक्रमाचा मजकूर त्यांच्या थेट अंगावरून, झग्यावरून आडवा खोदत नेलेला. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन राजवाड्यांतल्या काही शिळा आहेत. त्यांच्यासमोर मी दर पावसाळ्यात एकदा तरी जाऊन उभा राहतो, आणि त्या दालनात बहुतेक वेळा मी नि सुरक्षारक्षक असे दोघेच असतो. या दगडांचा मुंबईशी संबंध जुना आहे. १८४८मध्ये लेयार्ड या उत्खनन करणाऱ्या इंग्रजाने निम्रूदहून धाडलेल्या पेट्या बसऱ्याहून मुंबई बंदरात उतरल्या, विलायतेला जाण्याआधी इथे उघडल्या गेल्या, लोकांनी त्या बघितल्या, आणि त्यातल्या छोट्या वस्तूंपैकी काही गायब झाल्या. लेयार्डने तशी लेखी तक्रार केलेली आहे. या शहराशी राखणदारांची पहिली भेट चोरीनेच झाली म्हणायची.

दारावरचे लमस्सू, म्हणजे माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल, आता सगळ्यांना माहीत आहेत. समोरून बघितलं तर उभे, बाजूने बघितलं तर चालतायत, म्हणून पाय पाच. २०१५मध्ये मोसुलच्या नेर्गल दरवाजावरच्या लमस्सूचा चेहरा यंत्राने फोडताना जगाने पाहिला. खोर्साबादच्या एकाचं डोकं त्याआधीच, १९९०च्या दशकात, चोरांनी कापून तुकडे केले होते. डोकं परत मिळालं, ते बगदादला ठेवलं, आणि धड पुन्हा मातीखाली गेलं. २०२३च्या ऑक्टोबरात ते धड परत उकरून काढलं. अठरा टन वजन, पंखांवरची पिसं न् पिसं शाबूत.

खोर्साबादचेच दोन ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, दुसऱ्या सारगोनच्या राजधानीच्या वेशीवरचे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा बघायला गेलो. उंची चार मीटरच्या वर, मान दुखेपर्यंत वर बघितलं. मग खाली वाकलो, कारण मला हवं होतं ते खाली होतं. बैलाच्या पायांपाशी, चौथऱ्याच्या दगडावर, कुणीतरी टोकदार वस्तूने घरं ओरखडली आहेत. वीस घरांच्या सोंगट्यांच्या खेळाचा पट. इतक्या पुसट रेषा की तिरप्या उजेडाशिवाय दिसत नाहीत. मला पहिल्या खेपेला दिसल्याच नाहीत, मुलीने बोट ठेवून दाखवल्या, म्हणजे बोट हवेत धरून, हात लावायला मनाई आहे. वेशीवर रात्रपाळीला असलेल्या शिपायांनी त्या ओरखडल्या असणार. वर तो अगडबंब राखणदार पहाऱ्याला होता, तेव्हा यांनी त्याच्या पायाशी बसकण मारली आणि डाव मांडला.

एक बाजूचं घर जरा वाकडं आलंय. दगड टणक, हत्यार बहुधा खंजिराचं टोक, आणि अधूनमधून अंमलदार येतोय का ते बघायला मान वर करावी लागत असणार.